येऊ दे

त्या दिवशी आम्हाला फक्त अकरा वळणं चढायची होती. बाराशे किलोमीटर मागे पडले होते. पवनचक्कीचं ते बहात्तर मीटर लांबीचं पातं आम्ही पूल, बोगदे, नाके सगळं पार करून डोंगराच्या पायथ्याशी आणून ठेवलं होतं. वर पठारावर क्रेनवाले वाट बघत होते. अकरा वळणं, नऊ किलोमीटर. सकाळी सातला निघायचं आणि दुपारी वर जाऊन जेवायचं, एवढंच काम होतं.

शेगडीजवळ सरका जरा, तुमचे हात गार पडलेत. सांगते सगळं. पण मध्येच "मग ते होतं तरी काय" असं विचारू नका. मला माहीत असतं तर मी ते केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

माझं नाव लियेनचू. नवऱ्याचं आव चोंगमिंग, आव हे आडनाव. मी त्याला म्हातारा म्हणते, तो लग्नातसुद्धा म्हाताराच दिसत होता. अवजड, अवाढव्य माल ओढायचं काम तो विशीपासून करतो. बॉयलर, पुलाचे गर्डर, वीजकेंद्राचे ट्रान्सफॉर्मर, आणि आमच्या या ग्वेइचौच्या डोंगरांवर पवनचक्क्या यायला लागल्यापासून ही पाती. मूलबाळ झालं नाही, घरी एकटी बसून काय करायचं, म्हणून मीही गाडीवर चढले. चढले म्हणजे काय, तो पुढे बसायचा आणि मी मागून चालायची.

तुम्ही ती गाडी पाहिली नसेल. सपाट रस्त्यावर पातं आडवं निजवून नेतात. डोंगरात तसं वळत नाही. म्हणून पायथ्याशी ते दुसऱ्या, आखूड ट्रेलरवर घेतात. पात्याचं बूड ट्रेलरच्या चकतीला बोल्टांनी आवळतात आणि टोक मागच्या बाजूला आभाळात उचलतात. लांबून बघितलं तर वाटतं, डोंगर चढताना कोणीतरी पांढरा हात वर केलाय. ते उचलायचं, फिरवायचं, मागची चाकं वळवायची, हे सगळं माझ्या गळ्यातल्या रिमोटच्या पेटीवर. आणि खांद्याला वॉकीटॉकी. चोंगमिंगला केबिनमधून मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्याला कळायचं ते माझ्या आवाजावरून. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास." बारा वर्षं मी हेच बोलत आले. तो म्हणायचा, तुझ्या 'येऊ दे'वरून मला कळतं मागे किती जागा उरलीय ते.

तिसरा आमचा थानदादा. पांढऱ्या व्हॅनवर पिवळा दिवा लावून तो पुढे जायचा, समोरून येणाऱ्या गाड्या अडवायचा, बांबूने विजेच्या तारा उचलून धरायचा. साठीचा माणूस, पण वात्रट. नकला अशा करायचा की विचारू नका. पोलीस, टोलवाली, स्वतःची सासू... माझीसुद्धा.

आणि एक गोष्ट सांगायला हवी. मी त्या सकाळी मनात चोर घेऊन चालत होते.

ही खेप झाली की मी गाडी सोडणार होते. सोमवारी. माझ्या बहिणीचं इथे त्सुनयी शहरात हे नूडल्सचं दुकान आहे, वर एक खोली. तिने ती माझ्यासाठी रंगवून ठेवली होती. माझे गुडघे गेले होते हो. बारा वर्षं केबिनमागच्या फळीवर झोपायचं, पेट्रोल पंपावर तोंड धुवायचं, आणि जगभर चालायचं ते कशाच्या तरी मागून. नवऱ्यावर राग नव्हता. पण त्याला सांगायची हिंमतही नव्हती. बहिणीशी एकदाच बोलले होते, तेही एका पंपामागच्या मक्याच्या शेतात उभी राहून.

तर निघालो. न्याहारीला कुट्टूच्या भाकऱ्या, भाजलेले बटाटे, वर तिखट. थानदादा म्हणाला, "वहिनी, आज नवऱ्याला जास्त वाढलंत. काय मागायचंय?"

"तुमची व्हॅन," मी म्हटलं.

तो हसला. मी मात्र चपापले. वाटलं, याला कुठून वास लागला का?

पहिली चार वळणं उन्हात झाली. ऑक्टोबरचा महिना, डोंगरउतारावर बटाट्याची काढणी चाललेली. तिसऱ्या वळणावर एक बाई शेतात वाकलेली होती. गाडी जवळ आल्यावर ती सरळ उभी राहिली, कपाळावर हात धरून वर बघितलं आणि हात हलवला. मीही हलवला. मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आभाळातल्या त्या टोकाकडे बघत होती. मी मान वर केली. पांढरं पातं, त्यामागे निळं आभाळ. बाई पुन्हा वाकून कामाला लागली.

पाचव्या वळणाच्या अलीकडे धुकं आलं. आमच्याकडे धुकं चढत नाही, उतरतं. वरून कोणीतरी ओली गोधडी सोडावी तसं. आधी पात्याचं टोक गेलं, मग अर्धं पातं गेलं, मग थानदादाचा पिवळा दिवा. ओल्या मातीचा आणि जळक्या ब्रेकचा वास तेवढा राहिला. नियमाने थांबायला हवं. पण अर्ध्या चढावर रस्ता अडवून थांबणार कुठे? आणि पातं उभं ठेवून वारा सुटला, तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

"सावकाश घेऊ," चोंगमिंग वॉकीटॉकीवर म्हणाला. "बोलत राहा."

मी बोलत राहिले. आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "बरं, घेतो डावीकडे."

मी डावीकडे म्हटलंच नव्हतं.

पण डावीकडे घ्यायला हवं होतं, तेही खरं. मला वाटलं, अंदाजाने बोलला. पुढे पुन्हा, "हो गं, दिसला दगड." मी दगडाचं नावही काढलं नव्हतं. दहा पावलं पुढे गेले तर रस्त्यात दरडीचा दगड पडलेला.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? याला कळलंय. सोमवारचं कळलंय, आणि हा मला दाखवून देतोय की बाई, तुझ्यावाचूनही माझं चालतं. मनात चोर असला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. दुसरा विचार आला तो थानदादाचा. पुढे बसून माझा आवाज काढत असेल. मी बटण दाबून म्हटलं, "थानदादा, धुक्यात थट्टा नको हं."

"कसली थट्टा?" त्याचा आवाज आला. "मी इथे डुकरांचा ट्रक थोपवून उभाय, वहिनी. त्यांच्या वासाने जीव चाललाय माझा."

त्याच्या आवाजामागे खरंच डुकरं ओरडत होती. ती मला ऐकू आली.

सातवं वळण आलं. ते एका दमात निघत नाही. गाडी जरा पुढे काढायची, मग दरीच्या अंगाला सपाट केलेल्या जागेत मागे घ्यायची, मग पुन्हा पुढे. ती जागा जेमतेम आहे. तिच्या कडेला कठडा नाही, चुन्याची एक पांढरी रेघ आहे, आणि पलीकडे काही नाही. मी आदल्या दिवशी पायी येऊन ती मोजली होती. रेघेपाशी उभी राहिले. दरीतून धुकं असं वर येत होतं, जसं खाली कोणी पाणी तापवत ठेवलंय.

"येऊ दे," मी म्हटलं.

मागे येताना वाजणारा भोंगा सुरू झाला. टूं... टूं... टूं... आधी नुसता आवाज, मग धुक्यातून लाल दिवे, मग चाकं. मी मोजत होते. आठ मीटर. सहा. चार.

"येऊ दे... येऊ दे... हळू... बास."

चाकं थांबली नाहीत.

"बास! बास म्हटलं ना!"

आणि तेव्हा माझ्या खांद्यावरून, माझ्याच वॉकीटॉकीतून, माझा आवाज आला. "येऊ दे... येऊ दे..."

आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकायची सवय नसते. लग्नाच्या व्हिडिओत ऐकला की लाज वाटते. तसाच तो होता. तीच सर्दी, तोच शेवटचा 'दे' जरा ओढायची खोड. मला वाटलं प्रतिध्वनी असेल. पण मी 'बास' म्हटलं होतं.

"थांब!" मी ओरडले. "मागे जागा नाही!"

"येऊ दे..."

गाडी थांबली. चाकं रेघेपासून दोन मीटरवर होती. चोंगमिंगचा वैतागलेला आवाज आला, "अगं काय ते एक सांग! थांबू की येऊ?"

"थांब," मी म्हटलं.

"येऊ दे," ती म्हणाली.

मी बटणावरून बोट काढलं होतं. हात अंगापासून लांब धरला होता, वॉकीटॉकी विंचवासारखी चिमटीत.

"थानदादा," चोंगमिंग म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी खाली आला होता, "तुम्ही आहात का हे?"

थानदादाने उत्तर दिलं नाही.

"लियेन... जागा आहे का मागे?"

"नाही," मी म्हटलं.

"येऊ दे," तिकडून आलं. आणि मग जरा थांबून, अगदी मायेने, "तिचं ऐकू नकोस. मला वरून सगळं दिसतंय."

वरून.

मी मान वर केली. माझ्या डोक्यावरून ते पातं धुक्यात गेलं होतं. चार-पाच मीटर दिसत होतं, पुढे नाही. त्याच्यावरून पाणी ओघळत होतं. एक थेंब माझ्या गालावर पडला. मी पुसलाही नाही.

"दोघीजणी बोलताय तुम्ही," चोंगमिंग म्हणाला. "मला... मला दोघी ऐकू येताय." मग त्याने खाकरून घेतलं. असा प्रसंग आला की तो माणूस फार शांत होतो. "ठीकाय. आपल्या लग्नाच्या दिवशी ऊन होतं की पाऊस?"

"गारा," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी तिकडूनही "गारा". दोन्ही आवाज एकात एक घुसले आणि वॉकीटॉकी किंचाळली.

मग ती एकटी बोलली. "आणि तू माझ्या मामाचे बूट घालून परत गेलास. डाव्याची नाडी लाल होती."

हे मी विसरले होते हो. पूर्ण विसरले होते. तिने सांगितल्यावर मला आठवलं. आता नवऱ्याच्या जागी मी असते, तर मीही तिच्यावरच विश्वास ठेवला असता.

इंजिन धडधडत होतं. मी बटण दाबून म्हटलं, "म्हाताऱ्या, ऐक. मी खाली उभी आहे. रेघेवर. तू हलू नकोस, मी पुढे येते तुझ्यापाशी." पण जाणार कशी? गाडी तिरकी उभी होती. एका बाजूला मागची चाकं कड्याच्या दगडाला चिकटलेली, दुसऱ्या बाजूला हातभर वाट, मग दरी.

"ती तुला सोडून चाललीय," ती म्हणाली.

मी जागच्या जागी थिजले.

"सोमवारी. बहिणीकडे. खोली रंगवून झालीय, फिकट हिरवी. तुला सांगणार नव्हती. ती तुझ्या मागे उभीय, आणि ती तुला सोडून चाललीय. आता सांग, कोणाचं ऐकशील?"

खोलीचा रंग मला माहीत नव्हता. बहिणीने तो सांगितला नव्हता. तो मी चार दिवसांनी डोळ्यांनी बघितला.

मग चोंगमिंगने विचारलं. रागाने नाही. बाजारात हरवलेल्या माणसासारखं.

"लियेन... खरं आहे?"

तुम्ही काय सांगितलं असतं? कड्यावर, धुक्यात, चाळीस टन लोखंड अंगावर यायच्या बेतात असताना? खरं सांगितलं तर त्याच्या हातापायातलं बळ जाईल. खरं सांगितलं तर ती खरी ठरेल. माझी जीभ माझ्याआधी बोलून गेली.

"नाही," मी म्हटलं. "कुठे जाणार मी? मी कुठेही जात नाहीये."

पुढचे चार-पाच श्वास काहीच झालं नाही. मग हवेचा फुस्सकन आवाज झाला, ब्रेक सुटला, आणि चाकं माझ्याकडे यायला लागली.

संपलं, मला वाटलं. त्याने तिचं ऐकलं.

चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा माझ्या कमरेला दोरीने लटकलेला असतो. तो मी ओढला, गुडघ्यांवर पडले आणि दोन्ही हातांनी शेवटच्या चाकाखाली रेटला. त्या झटापटीत वॉकीटॉकी हातातून निसटली. कडेवर एकदा आपटली आणि खाली गेली. आणि जाता जाता ती बोलत होती. मी ऐकलं. "येऊ दे... येऊ दे..." खाली, आणखी खाली, दगडावर आपटत, माझा आवाज दरीत उतरत गेला. अगदी बारीक होईपर्यंत तो थांबला नाही.

ठोकळा करकरला. अर्धा चिरडला, पण धरून राहिला. मग इंजिनाने जोर घेतला आणि चाकं माझ्यापासून लांब गेली. पुढे. गाडी पुढे चालली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की भोंगा वाजलाच नव्हता. त्याने गाडी मागे घेतलीच नव्हती. चढावर जड गाडी पुढे काढताना आधी जराशी मागे घसरते, तशी ती घसरली होती.

मी उठले आणि धावले. गुडघ्याचं भान नव्हतं. गाडी रस्त्यावर सरळ होऊन उभी राहिली होती. केबिनपाशी पोचले, दार ओढलं. आतून बंद. मी काचेवर थापा मारल्या. चोंगमिंगने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने वॉकीटॉकी कानाला लावली होती, दोन्ही हातांनी, फोन धरतात तशी, आणि तो ऐकत होता. ओठ जरासे उघडे. त्याचा चेहरा... मी त्याला आईच्या शवपेटीसमोर बघितलंय, तेव्हाही तो असा नव्हता. काचेमुळे मला शब्द कळत नव्हते. एवढंच कळत होतं की आत कोणीतरी बाई बोलतेय. सावकाश. समजावून सांगितल्यासारखं.

माझी वॉकीटॉकी दरीत गेली होती. मी काचेबाहेर तोंड मिटून उभी होते. आणि आत मी बोलत होते.

शेवटी त्याने ती बंद केली, मागचं झाकण काढलं, बॅटरी उपसून पायाशी टाकली. मग काच चार बोटं खाली केली.

"हात आत घाल," तो म्हणाला.

मी हात आत घातला. त्याने तो उलटसुलट करून बघितला. माती, लाकडाची कुसळं, रक्त. नंतर हुंगला. मग दार उघडलं आणि खाली उतरून माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला.

थानदादा धुक्यातून चालत आला. लांबूनच खाकरत, आम्हाला नको त्या वेळी गाठल्यासारखा. मी त्याच्यावर तुटून पडले. "तुम्ही ऐकलं ना सगळं? मग गप्प का बसलात?"

तो बिचारा गोंधळला. "वहिनी, मी काय बोलणार? तुम्हीच एकदा थांब म्हणत होता, एकदा येऊ दे म्हणत होता. मला वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. मग ते... सोडून जायचं निघालं. तेव्हा मी बंदच केली. दुसऱ्याच्या घरातलं कशाला ऐकायचं?"

"आवाज एकच होता?"

"म्हणजे? तुमचाच होता की." त्याने माझ्याकडे आणि मग चोंगमिंगकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला समजलं. तो माझ्यापासून एक पाऊल मागे सरकला होता.

बाराच्या सुमाराला धुकं उचललं. मी रेघेपाशी जाऊन बघितलं. आमचं शेवटचं चाक ठोकळ्याशी जिथे थांबलं होतं, तिथून कडा एक वीत होती. उरलेली चार वळणं आम्ही शिट्टीवर काढली. एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या ये. थानदादाने त्याची वॉकीटॉकी व्हॅनच्या डिकीत पोत्याखाली टाकली. वर गेलो तर क्रेनवाले कुरकुरत होते, जेवण गार झालं म्हणून.

संध्याकाळी चोंगमिंग आणि मी कामगारांच्या शेडमागे बसलो होतो. मी म्हटलं, "सोमवारचं खरं होतं."

"माहितीय," तो म्हणाला.

"मग तू मला कसं ओळखलंस?"

"तू खोटं बोललीस म्हणून." तो बटाटा सोलत होता. "ती एकदाही खोटं बोलली नाही, लियेन. मी नंतर आठवून बघितलं. जागा आहे का असं मी विचारलं, तरी ती आहे म्हणाली नाही. नुसतं येऊ दे म्हणाली. गारा खऱ्या, बूट खरे, सोमवार खरा. आणि तू म्हणालीस, कुठेही जात नाहीये. मला वाईट वाटू नये म्हणून तू अशीच खोटं बोलतेस. बारा वर्षं ऐकतोय. त्या आवाजाला तेवढं जमलं नाही."

मी रडले. बराच वेळ. मग विचारलं, "मी दाराशी आले तेव्हा ती काय सांगत होती?"

त्याने सोललेला बटाटा माझ्या हातात ठेवला. "काही नाही. खा."

"म्हाताऱ्या."

"काही नाही म्हटलं ना."

आणि मला कळलं की आता तो खोटं बोलतोय.

त्यानंतर त्याने लांब माल ओढला नाही. मी सोमवारी निघाले तेव्हा तोही माझ्याबरोबर निघाला, एक पिशवी घेऊन. आता छोट्या गाडीतून मंडईत भाजी आणतो, दुकानात भांडी घासतो. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे. आहेच. मी जिना उतरले की तो खाली येऊन उभा राहतो. रस्ता ओलांडायचा तर हात धरतो. मी खोकले तर झोपेतून उठतो. पण कधी कधी मी कामात असताना वर बघते, तर तो माझ्याकडे बघत असतो. जपणारं माणूस बघतं तसं नाही. निरोप द्यायला आलेलं माणूस बघतं तसं.

दोनदा मी त्याला विचारलं. दोनदा तो उठून गेला.

गेल्या हिवाळ्यात मी वरच्या खोलीतलं कपाट पुसायला सरकवलं, तर मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट होती. सोडली. काळापांढरा, मोठा केलेला फोटो. माणूस गेल्यावर त्याच्यापुढे उदबत्ती लावतात, तशा मापाचा, तशा काळ्या काठाचा. फोटो माझा होता. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बहिणीच्या वाढदिवसाला काढलेला, त्यातून बाकी सगळ्यांना कापून टाकलेलं. मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

चोंगमिंग कोळशाची बादली घेऊन जिन्यात आला होता. त्याने चौकट बघितली, माझ्याकडे बघितलं. लपवालपवी केली नाही.

"आतापासून?" मी विचारलं. हसायचा प्रयत्न केला. "आमच्याकडे म्हातारी माणसं काढून ठेवतात रे असे फोटो. आणि काढायचाच होता तर जोडीने काढायचा. तुझा कुठाय?"

त्याने बादली खाली ठेवली. हात पाटलोणीला पुसले, आणि चौकट माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

"माझा लावायला," तो म्हणाला, "या घरात कोणी नसणारे."